मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण 'जाड पाकीटवाला' म्हटलं की ओळखालच.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. दिवसाचे नऊ-दहा तास बैठक. गेल्या हंगामात उजव्या कुल्ल्यातनं पोटरीपर्यंत कळ जायला लागली. एमआरआयमध्ये कमरेच्या एल-फोर एल-फाइव्ह मणक्यांमधली गादी जराशी फुगलेली निघाली. झालं! एका दवाखान्यानं ऑपरेशनची तारीखच हातात दिली. दुकानातले हमाल म्हणायचे, "दिवाणजी, शेठची गादी सोडा, मणक्याची आपोआप बसंल."

तुम्ही फिल्म बाहेरच काढली नाहीत. आधी विचारलंत, शिंकल्यावर कळ जाते का? नाही. वाकल्यावर? विशेष नाही. मग कधी? बसल्यावर, उठून चाललं की कमी. टाचांवर चालवलंत, चवड्यांवर चालवलंत, लघवी-संडासचा ताबा विचारलात. उताणा असताना पाय सरळ उचललात, तो बऱ्यापैकी वर गेला. मग कुशीवर वळवून, गुडघा पोटाकडे आणून खाली दाबलात आणि मी "आई गं" म्हणून ओरडलो. तीच कळ! कुल्ल्याच्या मधोमध अंगठा टेकवलात, तेव्हा परत तीच.

मग नॅपकिनची घडी टेबलावर ठेवून तिच्याखालून मोबाईलची वायर ओढलीत. घडी म्हणजे कुल्ल्यातला पिरिफॉर्मिस स्नायू, वायर म्हणजे त्याच्याखालून पायात जाणारी सायटिक नस. स्नायू आखडला की नस तिथंच दबते, मणक्याचा दोष नसला तरी. फिल्म त्यानंतर पाहिलीत. म्हणालात, १९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त जणांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. एवढं ऐकून मला आठ दिवसांत पहिल्यांदा नीट झोप लागली.

ऑपरेशन करू नका असं मात्र तुम्ही म्हणाला नाहीत. चिठ्ठी देऊन दुसऱ्या हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. त्यांनीही तपासून दुखणं स्नायूचंच असल्याचं सांगितलं, तारीख रद्द झाली.

निघताना म्हणालात, "मागचा खिसा रिकामा करा बघू." बसलं की कुल्ल्याखाली दाबणारं ते जाड पाकीट निघालं. आत सौद्याच्या पट्ट्या, आधार कार्ड, पंढरपूरचा अंगारा, दोन वर्षांपूर्वीची पेट्रोलची पावती. तुम्ही हसला नाहीत, हे विशेष.

अर्ध्या तासानं उठतो, सांगितलेले ताण रोज देतो. लांबच्या एसटीत अजून कधीमधी धरतं, पण दोन महिन्यांत गोळी नाही. पाकीट आता शर्टाच्या खिशात.

या पत्राबरोबर राजापुरी हळद पाठवतोय, एक किलो. दळूनच आणलीय, नको म्हणू नका.