साठ लिंका नकोत, एक कागद द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत शिक्षकांच्या प्रशिक्षणावर लेख आला होता, त्यात असं म्हटलं होतं की आता सगळं नेटवर फुकट मिळतं, त्यामुळे शिक्षकांना प्रशिक्षणापेक्षा चांगलं इंटरनेट द्या. मी बावीस वर्षं माध्यमिकला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवतेय. वाचून आधी हसू आलं, मग जरा रागही आला, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर खुशाल कापा पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

प्रशिक्षण या शब्दाला लोक वैतागलेत हे खरंय, मीही वैतागलेय. एक मोठा हॉल, दोनशे शिक्षक, पुढे पीपीटी आणि पीपीटीवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवणारी व्यक्ती. विषय काय तर 'विद्यार्थीकेंद्रित अध्यापन', आणि ते आम्हाला सांगायचं सलग चार तास भाषण करून!! उदाहरणं सगळी गणित नाहीतर विज्ञानाची. कुणी हात वर करून विचारलं की सर हे इतिहासात कसं करायचं तर ठरलेलं उत्तर, तुम्ही तुमच्या विषयात अ‍ॅडजस्ट करून घ्या. शेवटी फीडबॅक फॉर्म, जो निम्म्या लोकांनी जेवणाच्या सुट्टीतच भरून ठेवलेला असतो, मग सर्टिफिकेट, आणि संध्याकाळी ग्रुपवर साठ लिंकांची एक पीडीएफ. त्यातल्या किती उघडल्या विचाराल तर मी पाच उघडल्या आणि त्यातल्या दोन बंद पडलेल्या होत्या.

हे फक्त माझं रडगाणं नाहीये. अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी २००७ मध्ये एक आढावा झाला होता, शिक्षकांच्या प्रशिक्षणाने मुलांच्या शिकण्यात खरंच फरक पडतो का हे बघायला. तेराशेपेक्षा जास्त अभ्यास चाळले आणि त्यांच्या कडक निकषात बसले फक्त ९. त्या नवात जिथे प्रशिक्षण चौदा तासांपेक्षा जास्त होतं तिथे फरक दिसला, त्याहून कमी असलेल्या ठिकाणी ठोस काही दिसलं नाही. म्हणजे एका दिवसाच्या हॉलमधल्या कार्यक्रमाचं काय होत असेल तुम्हीच बघा. आणि गंमत अशी की ते नऊच्या नऊ अभ्यास प्राथमिकच्या शिक्षकांवरचे, आणि विषय गणित, विज्ञान आणि भाषा. माध्यमिक नाही आणि सामाजिक शास्त्रंही नाहीत, म्हणजे आमची साधी मोजणीसुद्धा नाही. आमचा विषय पाठांतराचा, त्यात शिकवायला काय लागतं, धडा वाचून घ्या आणि खालचे प्रश्न लिहून द्या, हा समज तिकडेही असणार बहुतेक.

पण एकदा, बावीस वर्षांत एकदाच, मला खरं प्रशिक्षण मिळालं. एका सत्रात सहा वेळा अर्धा अर्धा दिवस आणि आम्ही मोजून नऊ जण, सगळे सामाजिक शास्त्रांचेच. पहिल्या दिवशी घेणाऱ्या बाईंनी स्वतःची ओळखसुद्धा धड करून दिली नाही, सरळ एकेक झेरॉक्स हातात ठेवली. जुना नकाशा, नाव कापलेलं, रस्त्यांच्या कडेने घरांपाशी बारीक काळ्या रेघा, कुठे एक तर कुठे दहा-बारा एकावर एक. म्हणाल्या सांगा हे काय आहे. मी लगेच ओळखलं, डॉक्टर जॉन स्नोचा नकाशा, लंडन, १८५४ ची कॉलऱ्याची साथ, प्रत्येक रेघ म्हणजे एक मृत्यू. हे मी वर्गात कितीतरी वर्षं सांगत आलेय, आणि ठसक्यात सांगूनही टाकलं की स्नोने हा नकाशा काढला, त्यावरून ब्रॉड स्ट्रीटचा दूषित पाण्याचा पंप सापडला, पंपाचं हँडल काढलं आणि साथ थांबली.

बाई काही बोलल्या नाहीत, दुसरा कागद दिला. त्यात नकाशात न बसणाऱ्या गोष्टी होत्या. पंपाच्या अगदी जवळ एक अनाथ-गरिबांचं वर्कहाऊस, ५३५ माणसं, आणि मेले फक्त पाच. जवळच बिअरचा कारखाना, सत्तरच्या वर कामगार, तिथे कुणीच मेलं नाही. आणि उलट काही मैल लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई मात्र कॉलऱ्याने गेली. का? अर्धा तास नऊ शिक्षक एकमेकांशी भांडत होतो, शाळेतली पोरं परवडली. वर्कहाऊसची स्वतःची विहीर होती, कारखान्यातले लोक बिअर प्यायचे आणि तिथेही वेगळं पाणी होतं, आणि त्या विधवेला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती रोज तिथून पाणी मागवायची. हे उलगडल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मी माझ्या तासाला कधी ऐकली नव्हती.

मग तिसरा कागद, स्नोने स्वतः लिहिलेला परिच्छेद. त्यात तो म्हणतो की लोक घरं सोडून पळून गेल्यामुळे साथ आधीच बरीच उतरली होती, त्यामुळे हँडल काढलं तेव्हा विहिरीत विष उरलं होतं की नव्हतं हे ठरवता येत नाही. आणि हँडल निघालं ८ सप्टेंबरला, पण हा नकाशा त्याने लोकांपुढे मांडला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये! हँडल काढायला लावताना त्याच्या हातात मृत्यूंच्या नोंदींची यादी होती आणि घरोघर फिरून केलेली चौकशी होती. म्हणजे 'नकाशा बघून पंप सापडला आणि साथ थांबली' ही माझी आवडती गोष्ट दोन्ही टोकांनी डगमगली. मला अक्षरशः घाम फुटला. पण त्या दिवशी कळलं की पुरावा वाचणं म्हणजे काय, कारण मी तो पहिल्यांदा विद्यार्थी होऊन वाचला होता. दुसऱ्या आठवड्यात तेच तीन कागद मी नववीला दिले, तिसऱ्या आठवड्यात एक सहकारी माझ्या तासाला मागच्या बाकावर बसली आणि नंतर म्हणाली, तू उत्तर फार लवकर सांगून टाकतेस. बोचलं. खरंही होतं.

जपानमध्ये हे शंभरहून जास्त वर्षं चालत आलंय, चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे बसून मुलांकडे बघतात, हो शिक्षकाकडे नाही मुलांकडे, आणि मग बसून चर्चा. आमच्याकडे पाठ निरीक्षण म्हटलं की हेडमास्तर वही घेऊन येणार आणि शेरा मारणार एवढंच डोक्यात बसलंय त्यामुळे कुणी आपल्या तासाला आलेलं नको वाटतं.

आता 'सगळं नेटवर आहे' याबद्दल. आहेच, मी कुठे नाही म्हणते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर जुने फोटो, नकाशे, पत्रं शिक्षकांसाठी वेगळी काढून ठेवलीत, युरोपातल्या संग्रहालयांचं युरोपियाना हे ऑनलाइन भांडार २००८ पासून आहे, गॅपमाइंडर नावाच्या साइटवर देशादेशांचं आयुर्मान आणि उत्पन्न बुडबुड्यांसारखं हलताना दाखवता येतं, भूगोलाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. अडचण सामानाची नाहीये. आठ पानांचं पत्र असतं, ते नववीच्या मुलाला वाचता येईल असं दीडशे शब्दांत आणायचं, अर्थ न मोडता, मग त्याच्या उलट बोलणारा दुसरा कागद शोधायचा, कारण एका कागदाने वाद होत नाही, मग प्रश्न काढायचे. माझे सहा-सात तास जातात एका धड्याला. आठवड्याला तीस तासिका, वर पेपर तपासणी, वर प्रॉक्सी म्हणजे रजेवरच्या शिक्षकांचे तास, कधी करणार?

आणि नेटवर सापडलेलं खरं की खोटं हे तरी आम्हाला कुठे शिकवलंय. स्टॅनफर्डमधल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना वेबसाइटी तपासायला दिल्या, १० इतिहासाचे पीएचडी, १० व्यावसायिक फॅक्टचेकर म्हणजे माहितीची खातरजमा करणारे आणि २५ स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. इतिहासवाले सुद्धा चांगला लोगो आणि भारदस्त नाव बघून फसले. फॅक्टचेकर मात्र त्या पानावर थांबलेच नाहीत, लगेच दुसरे टॅब उघडून ही मंडळी कोण आहेत हे बाहेर शोधलं आणि पटकन निकाल लावला. ही ट्रिक वर्गात शिकवायला एक तास पुरतो. पण ती मला साठ लिंकांच्या पीडीएफमध्ये नाही मिळाली, एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये दाखवली.

आणि दरवेळी महागडं काही लागतं असंही नाही. ग्लोबवर ट्रेसिंग पेपर ठेवून ग्रीनलँड काढून घ्या आणि तो तुकडा आफ्रिकेवर ठेवा, मुलांचे चेहरे बघा. मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या पद्धतीने काढलेल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, प्रत्यक्षात आफ्रिका चौदा पट मोठी. फक्त तिथेच 'नकाशा खोटा' म्हणून थांबू नका, मर्केटरने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी काढला, होकायंत्राची एक दिशा धरून जायचं तर रेघ सरळ यावी म्हणून, आणि त्या कामाला तो अजूनही चोख आहे.

वर्गात वाद पेटला, कुणी कुणाच्या जातीधर्मावर घसरलं तर काय करायचं, यावर मला आजवर एका तासाचंही प्रशिक्षण मिळालेलं नाही. त्यावर वेगळं पत्र लिहीन.

तर मागणी. शाळांकडून एवढंच हवंय की सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांना आठवड्यात एक ऑफ तास एकाच वेळी द्या, वेळापत्रकात, आणि त्या तासाला प्रॉक्सी लावू नका. आणि तुमच्याकडून, संपादक महोदय, एक पान. महिन्यातून एकदा तुमच्या जुन्या अंकातलं एक पान जसंच्या तसं छापा, जाहिरातींसकट, तारखेसकट. तुमच्या गोदामात जे पडलंय ते आमच्या वर्गासाठी सोनं आहे. आणि कृपा करून फक्त अभिमानाची पानं काढू नका, चुकलेलीही काढा. शिकागो ट्रिब्यूनने ३ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्युईने ट्रूमनला हरवलं असा मथळा छापला होता, जिंकले होते ट्रूमन, आणि नंतर ते तोच पेपर हसत हसत हातात धरून फोटोत उभे राहिले. मुलं आधी फक्त हसतात. मग मी सांगते की छापखान्यातल्या कामगारांचा संप होता, त्यामुळे पान नेहमीपेक्षा आधी छपाईला पाठवावं लागलं, निकाल यायच्या आत. मग कुणीतरी विचारतंच, बाई मग त्यांनी थांबायचं ना, आणि दुसरं कुणीतरी, थांबले असते तर सकाळी पेपर कसा निघाला असता, आणि तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही.

तसं एखादं पान तुमच्याकडेही असेलच. पाठवा, झेरॉक्सचं मी बघते.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका