चान्सलर कौनित्झ यांना एक उशिराचं पत्र

मा. प्रिन्स कौनित्झ,
ऑस्ट्रियाचे चान्सलर, व्हिएन्ना.

स. न. वि. वि.

आपण ज्यांचे प्रमुख मंत्री, त्या सम्राट जोसेफ दुसरे यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. 1781 साली त्यांनी प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स प्रजेला आपापल्या पद्धतीने उपासना करायची मोकळीक दिली. त्याच वर्षी बोहेमियातला (आजच्या चेक प्रदेशातला) भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला शेतकरी, त्याच्या मर्जीवाचून लग्न करायला, गाव सोडायला मोकळा झाला. राजानेच वरून फर्मानं काढून सुधारणा करायच्या, प्रबुद्ध हुकूमशाही म्हणतात ती हीच, आणि एवढ्यापुरती मला ती मान्यच आहे.

माझी तक्रार शवपेटीची आहे. 1784 मध्ये फर्मान निघालं: लाकूड वाचवायचं, म्हणून एकच पेटी पुन्हापुन्हा वापरायची. मृतदेह कापडी पिशवीत शिवायचा, पेटी खड्ड्यावर न्यायची, खालची झडप उघडायची, की देह खाली. वर चुना. हिशोबाला चोख! पण ज्याची आई त्या पिशवीत आहे त्याला कुणी विचारलं? लोक इतके खवळले की काही महिन्यांतच फर्मान मागे घ्यावं लागलं.

त्यांच्याच राज्यातल्या हंगेरीत तेच. सम्राटांनी तिथला राजा म्हणून राज्याभिषेक करून घेतला नाही, मुकुट उचलून व्हिएन्नाला आणला, वर सरकारी कारभार जर्मनमध्ये. लोक त्यांना ‘टोपीवाला राजा’ म्हणू लागले. (आमच्याकडे टोपीकर म्हणजे कुठलाही गोरा साहेब, तिकडे टोपी म्हणजे मुकुट नसलेला.) शेवटी जानेवारी 1790 मध्ये तिथली बहुतेक फर्मानं त्यांनी स्वतःच रद्द केली. भूदासांची आणि उपासनेची तेवढी ठेवली. मुकुट हंगेरीतल्या बुडा शहराकडे परत निघाला आणि 20 फेब्रुवारीला ते गेले. वय 48.

आपण तेव्हा 79 वर्षांचे. मोकळ्या हवेची आणि आजारी माणसाची आपल्याला धास्ती, म्हणून जवळपास दोन वर्षं आपण त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. आपापल्या खोलीत बसून दोघांनी चिठ्ठ्यांवर साम्राज्य चालवलं.

आता त्यांचे धाकटे भाऊ लिओपोल्ड इटलीतल्या टस्कनीहून, जिथे ते राज्य करतात, येतील. त्यांनी तिथे राज्यघटनेचा मसुदा करून घेतला होता, प्रतिनिधी सभेसकट; तो लागू झाला नाही. ते कागद मागवून घ्या आणि वाचा, एवढीच विनंती.

खिडकी हवी तर बंदच ठेवा.

आपला,
एक वाचक