फाइंडरमधली फुली अंधारात दिसायला हवी

संपादक महोदय,

पावसाळा सरला की शाळांच्या आणि हौशी मंडळांच्या दुर्बिणी शहराबाहेर निघतात, आणि तिथे गेल्यावर एक अडचण हमखास येते. फाइंडरमधली, म्हणजे नेम धरण्यासाठी मोठ्या दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतली, दोन बारीक तारांची काळी फुली शहराच्या उजळ आकाशावर ठळक दिसते. गावाकडच्या खऱ्या काळोखात ती दिसतच नाही. स्वरमंडलातला कंकणाकृती तेजोमेघ ८×५० च्या (आठपट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगाच्या) फाइंडरमध्ये ओळखू येत नाही. बीटा आणि गॅमा ताऱ्यांच्या मध्ये, किंचित बीटाकडे, फुली आणावी लागते. फुलीच दिसेना, तर आणणार काय?

फुलीवर बाजूने मंद लाल उजेड टाकला की ती अंधारातही दिसते. यासाठी नवा फाइंडर घेण्याची गरज नाही. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळे सामान मिळते: ३ मिमीचा लाल एलईडी, १ किलोओहमचा रेझिस्टर, उजेड कमीजास्त करायला १०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवता येणारा रेझिस्टर), स्विच, सीआर २०३२ चा सेल आणि त्याचा होल्डर. हे सर्व एकाच मालिकेत जोडायचे.

एलईडीसाठी फाइंडरच्या नळीला भोक पाडण्याआधी भिंगे काढून ठेवावीत. फुलीच्या तारांच्या पातळीत, दोन तारांच्या टोकांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ४५ अंशांवर भोक घ्यावे. एका तारेच्या टोकाशी घेतले, तर प्रकाश तिच्या लांबीवरून निसटतो आणि ती तार अंधारी राहते. हातड्रिल वापरावे, कारण धातूचा कीस तारेत अडकला की तार तुटते. एलईडीचे टोक बारीक पॉलिश पेपरने घासून धूसर करावे. ते आत डोकावता कामा नये. नळी धातूची असेल तर एलईडीच्या पायांवर स्लीव्ह चढवावी, नाहीतर शॉर्ट होते.

खरी चूक होते ती उजेडात. लाल एलईडीवर साधारण १.८ व्होल्ट पडतात, म्हणजे ३ व्होल्टच्या सेलवर फक्त १ किलोओहम असेल तर १.२ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. फाइंडरसाठी हा फारच जास्त आहे. सगळे दृश्य लालसर होते, मंद तारे बुडतात आणि अंधाराला सरावलेली नजरही बिघडते. पोटेन्शिओमीटर पूर्ण फिरवल्यावर प्रवाह सुमारे १२ मायक्रोअँपिअरवर येतो. फुलीच्या तारा जेमतेम जाणवतील इतकाच उजेड ठेवावा. तरीही जास्त वाटला तर ४७० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर घ्यावा. नळीची आतली बाजू चकाकत असेल तर तिला काळा मॅट रंग द्यावा, नाहीतर उजेड कितीही कमी केला तरी लाल धुके राहते. स्विच बंद करायला विसरलात, तर पूर्ण उजेडावर सेल आठवडाभरात संपतो.

जोडणी झाल्यावर आधी नेत्रिका (डोळ्याकडचे भिंग) फिरवून फुलीच्या तारा स्पष्ट कराव्यात, मग वस्तुभिंग (पुढचे मोठे भिंग) पुढेमागे करून दूरची वस्तू. डोळा हलवल्यावर फुली वस्तूवरून सरकत असेल, तर ही जुळणी अपुरी आहे. दिवसा मात्र फाइंडरवर टोपण हवेच. सूर्याची प्रतिमा नेमकी तारांच्या पातळीतच पडते. तिने फुली जळते, आणि कोणी डोळा लावला तर डोळा कायमचा जातो.

शाळांसाठी दुर्बीण घेताना आरसा किती इंचांचा एवढेच विचारले जाते. खरेदी करणाऱ्या संस्थांनी प्रकाशित फुलीचा फाइंडर आवर्जून मागावा, आणि पैसे देण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत त्याची सर्वांत मंद पातळी स्वतः पाहून घ्यावी.

— एक आकाशनिरीक्षक, पुणे