ताई, तुझा हिरवा लेझर अजून माझ्याकडेच आहे

प्रिय ताई,

प्रोजेक्टच्या आभारांत माझं नाव घालू नकोस म्हणालीस, म्हणून घातलं नाही. पण गप्प बसवेना. तेव्हा नाव न घेता, सगळ्यांसमोर हे पत्र.

मी तेव्हा कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण, केले होते. २२५ अंशांवरच्या फ्लास्कमध्ये सेलेनियमचं द्रावण ओतायचं आणि दर काही सेकंदांनी थोडं थोडं काढून घ्यायचं. पहिली कुपी हिरवी चमकायची, शेवटची नारिंगी-लाल. पदार्थ तोच, फक्त कण मोठे झालेले. कण जितका लहान तितका बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वर चढायला लागणारी किमान ऊर्जा) मोठा, हे मला तोंडपाठ होतं. बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना याच डॉटसाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हेही. पण प्रकाश पडल्यावर आत काय होतं असं तू विचारलंस, आणि मी "यूव्हीनं चमकतात" म्हणून मोकळी झाले.

तू समजावलं काहीच नाहीस. (राग आला होता, खरं सांगते.) दिवे घालवलेस आणि लेझर पॉइंटर हातात दिलेस. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा मारला, पहिली आणि शेवटची, दोन्ही कुप्या पेटल्या. ५३२ चा हिरवा मारला, तर लाल कुपी तशीच लाल पेटली आणि हिरवीतून तो जवळपास तसाच आरपार गेला! ६५० च्या लालने तर काहीच हललं नाही.

मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. हिरव्या डॉटला २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते आणि ५३२ चा फोटॉन (प्रकाशाचा कण) आणतो २.३३. थोडक्यात हुकलं. जांभळा ३ च्या वर आणतो, पण इलेक्ट्रॉन पिकोसेकंदाच्या आसपास खालच्या पायरीवर घसरतो, जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि होलशी (त्याने खाली सोडलेल्या रिकाम्या जागेशी) गाठ पडेपर्यंत तो तिथेच काही नॅनोसेकंद बसून राहतो; गाठ पडली की प्रकाश बाहेर. "वर कितीही चढव, उडी शेवटच्याच पायरीवरून," एवढंच बोललीस तू.

व्हायवात सरांनी तरंगलांबीच्या आलेखात शोषणाचा उंचवटा उत्सर्जनाच्या डावीकडे का, असं विचारलं. मी खिशातून पॉइंटर काढला.

तो परत करायचाय. सोमवारी आणते, नक्की.

तुझी,
खिडकीजवळच्या टेबलावरची