पदवी कशाची, नोकरी कशाची?

माननीय संपादक महोदय,

नागपुरातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे भूगर्भशास्त्र शिकवले. या विषयाच्या पदवीधराला आपल्या शहराइतके सोयीचे शहर देशात क्वचितच असेल. भारतीय खाण ब्युरो, मँगनीज काढणारी मॉयल, कोळसा काढणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) आणि खनिजांचे अन्वेषण करणारी एमईसीएल यांची मुख्यालये येथेच आहेत. तरीही माझे बहुतेक विद्यार्थी आज कर्जवसुली, विमा किंवा औषधविक्रीच्या कामात आहेत. मनसरच्या मँगनीजयुक्त खडकाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच त्यातली खनिजे भराभर सांगणारी एक मुलगी एम.एस्सी. होऊन आता एका वित्तसंस्थेत थकलेल्या हप्त्यांसाठी दिवसभर फोन करते. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण तिचे पाच वर्षांचे शिक्षण, आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून भरलेले शुल्क आणि प्रयोगशाळेवर झालेला सरकारी खर्च यांतले त्या कामाला काहीच लागत नाही.

अशा वेळी ‘मुलांकडे कौशल्य नाही’ असे सरसकट म्हटले जाते. ते मला मान्य नाही. विषयाशी संबंधित जागाच मोजक्या निघतात. 2023 मध्ये तलाठ्यांच्या 4,644 पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पात्रता होती कोणत्याही शाखेची पदवी. जेथे शाखा विचारलीच जात नाही, तेथे सगळ्याच शाखांची मुले रांगेत उभी राहणार.

ही विसंगती नेमकी किती आहे, हे महाविद्यालयांच्या कागदपत्रांतून कळत नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठी आम्ही जो तक्ता भरत असू, त्यात विद्यार्थ्याचे नाव, अभ्यासक्रम, नोकरी देणारी संस्था आणि पगार एवढेच रकाने होते. कामाचे स्वरूप विचारणारा रकाना नव्हता. त्यामुळे हप्ते वसूल करणारी ती विद्यार्थिनीही आमच्या विभागाचे यश म्हणूनच मोजली गेली, आणि पुढच्या वर्षी प्रवेशाला आलेल्या पालकांना आम्ही तोच आकडा दाखवला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने पदवी घेतल्यानंतर एका वर्षाने आणि पुन्हा तीन वर्षांनी प्रत्येक पदवीधराकडून तो प्रत्यक्ष कोणते काम करतो याची माहिती घ्यावी आणि ती विषयवार संकेतस्थळावर द्यावी. शिकाऊ उमेदवारी कायद्यात 2014 साली झालेल्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही शिकाऊ म्हणून घेण्याची वाट मोकळी झाली आहे. तिचा उपयोग करून शहरातील खाण आणि खनिज संस्थांत विज्ञानाच्या मुलांना दरवर्षी ठरावीक जागा मिळाव्यात, यासाठी विद्यापीठाने स्वतः या संस्थांच्या दारी जावे. निदान पहिली माहिती तरी येत्या प्रवेशप्रक्रियेपूर्वी पालकांच्या हाती पडावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर