मंत्रिमहोदय, हे खाडे शाळेपासूनचे आहेत

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ॲप्रेंटिस मुलांचं काम पाहतो. सिडकोतली, सातपूरची, सुरगाणा-पेठेकडून येऊन खोली करून राहणारी; कुणी आयटीआय झालेलं, कुणी बारावीनंतर युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेलं. बरीच टिकतात. काही मात्र हळूहळू गळतात, आणि मस्टर उघडलं की त्यांच्या नावापुढे खाडे वाढत गेलेले दिसतात. आमच्याकडे यावर निदान ठरलेलं आहे : आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.

ज्यांना खरंच कष्ट नको असतात ती ओळखू येतात. त्यांची सुट्टीची कारणं फार सुरेख असतात. हे पत्र दुसऱ्या मुलांसाठी आहे, शाळेपासूनच नैराश्य सोबत घेऊन आलेल्या, ज्यांना खाड्याचं कारणच सांगता येत नाही.

असाच एक जण जॉबच्या, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागाच्या, बोअरचं (भोकाचं) माप घ्यायचा. व्हर्निअर हे मापाचं हत्यार लावायचा, वाचायचा, पुन्हा लावायचा. तेच माप परत आलं तरी तपासणीच्या शीटवर आकडा लिहायला त्याचा हात धजायचा नाही. माप बरोबर असायचं. रात्री झोप नाही, म्हणून फर्स्ट शिफ्टला उशीर. आणि गेटवर बोलणी खायला नकोत म्हणून तिथूनच परत खोलीवर. अर्ध्या तासाच्या उशिराचा असा पूर्ण खाडा व्हायचा. आई फोनवर म्हणाली, "दहावीपासून असंच चाललंय त्याचं. आधी लई खेळायचा." शाळेनं आळशी ठरवलं, घरच्यांनी अंगारे-धुपारे केले. ताप नव्हता, मग डॉक्टरकडे कोण नेणार?

या वयातलं नैराश्य रडत बसलेलंच दिसेल असं नाही. चिडचिड, मित्र तोडणं, खेळ सुटणं, लक्ष न लागणं, मार्क घसरणं अशा रूपातही ते येतं. मार्क घसरले की आयटीआयला हवा तो ट्रेड (अभ्यासक्रम) मिळत नाही, पुढे पगारही त्याच मापाचा. शिवाय हा आजार उलटून येतो, आणि नेमका नोकरीच्या पहिल्या वर्षांत आला तर बायोडेटात गॅप पडते. मुलाखत घेणारा त्या गॅपवरच बोट ठेवतो.

सगळा दोष नैराश्याचाच, असं मी म्हणत नाही. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च इथे १९७७ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा माग कित्येक वर्षं ठेवला गेला. किशोरवयात नैराश्य आलेल्यांना पुढे पुन्हा ते येण्याचा धोका जास्त दिसला. त्यांचं शिक्षण मागे पडण्याचा आणि बेकारीचा संबंध मात्र बराचसा घरच्या आणि भोवतालच्या ओढाताणीशी होता. माझ्या मते यामुळे सरकारची जबाबदारी वाढते. ओढाताणीची घरं आयटीआयच्या प्रवेश यादीत भरपूर असतात.

आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले, आणि नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ८५ टक्के उपचाराबाहेर होते. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. शाळा-कॉलेजांबरोबर प्रशिक्षण केंद्रंही त्यात आहेत. म्हणजे हा विषय शिक्षण खात्याचा म्हणून आपल्याला बाजूला सारता येणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या आयटीआयमध्ये समुपदेशक आहे आणि कुठे नाही, याची यादी जाहीर करा. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती अपेक्षित आहे, तीत आयटीआयचा आणि कारखान्यांचा एकेक माणूस घ्या. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच म्हसरूळला आहे. समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी त्यांची मदत मागा.

'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, मोफत आहे. तो भिंतीवर लावाच. पण एका खोलीत चौघं राहणारा मुलगा बोलणार कुठे? संस्थेत दार लावून बोलता येईल अशी एक खोली द्या.

आणि हजेरीचं. टायफॉइडचं सर्टिफिकेट आणलं की आम्ही रजा समजून घेतो. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं वागवा, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. तेव्हा खाड्यांमुळे नाव कमी करण्याआधी समुपदेशकाशी एक भेट झालीच पाहिजे, असं परिपत्रक काढा. आयटीआयना आणि ॲप्रेंटिस घेणाऱ्या कारखान्यांनाही. मालक मंडळी कुरकुर करतील, पण शिकवलेला मुलगा सोडून गेला की नवा तयार करायला किती खर्च येतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
अंबड औद्योगिक वसाहतीतील एक प्रशिक्षण पर्यवेक्षक