वजनकाट्याला शिक्का लागतो, लॅबच्या आकड्याला नको?

मा. ग्राहक व्यवहार मंत्री, भारत सरकार,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एसजी आयर्नची, म्हणजे आत ग्राफाइटच्या गोळ्या असलेल्या मजबूत लोखंडाची लहान फाउंड्री चालवतो. गेल्या आठवड्यात ग्राहक कंपनीने हाउसिंगचा अख्खा लॉट परत पाठवला. मागोमाग 4 लाख 20 हजारांची डेबिट नोट, म्हणजे माझ्या बिलातून कपात. कारण काय, तर नॉड्युलॅरिटी, म्हणजे गोल ग्राफाइटचं प्रमाण कमी.

साहेब, लोखंडात गंधक जास्त असलं की ते आम्ही घातलेलं मॅग्नेशियम खाऊन टाकतं, ग्राफाइटच्या गोळ्या बनत नाहीत आणि कास्टिंग ठिसूळ निघतं. म्हणून पिग आयर्नच्या, म्हणजे आमच्या कच्च्या लोखंडाच्या ऑर्डरमध्ये आम्ही मर्यादा घातली होती, गंधक 0.03 टक्क्यांच्या आत. पुरवठादाराच्या टेस्ट सर्टिफिकेटवर 0.021. त्याच पिगचे तुकडे मी दोन मान्यताप्राप्त लॅबना दिले. एकीने 0.024 लिहिलं, दुसरीने 0.038. दोन्हींवर शिक्का, सही, लोगो. पुरवठादार पहिला कागद नाचवतो, ग्राहक दुसरा, आणि भुर्दंड माझ्या माथी.

चौकशी केली. एका ठिकाणी पिगचा तुकडा घासून थेट स्पेक्ट्रोवर, म्हणजे ठिणगीच्या प्रकाशावरून धातूतले घटक मोजणाऱ्या मशीनवर स्पार्क मारला होता. पिग करडा, आत ग्राफाइट सुटं. स्पार्क झटकन गोठून पांढऱ्या झालेल्या धातूवर मारायचा असतो, त्यासाठी तर आम्ही प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक खेपेला तांब्याच्या साच्यात नाणं ओततो. दुसऱ्या लॅबने ड्रिलचा चुरा जाळून गंधक मोजलं. चुरा पिगच्या कुठल्या भागातला, असं विचारलं तर पोरगा म्हणाला, "जिथं ड्रिल लागलं तिथला." आकडा किती इकडे-तिकडे होऊ शकतो, ते एकाही कागदावर नाही. निकाल मर्यादेजवळ असेल तर ही अनिश्चितता लिहायलाच हवी, असं लॅबसाठीचं मानक आयएसओ 17025 सांगतं. पण वाचतो कोण?

मंडईत भाजीवाल्या मावशीच्या काट्यावर शिक्का नसेल तर तुमच्या खात्याच्या कायद्याखाली वजनमाप निरीक्षक पावती फाडतात. फाडावीच. आमच्या वजनकाट्याचंही पासिंग होतं. ट्रकात किती किलो माल आला ते सरकार छातीठोकपणे सांगतं, मालात काय आहे ते मात्र ज्याचं त्याने बघावं! आणि बघायचं तरी कुणाकडे? मानकं तुमच्या खात्यातल्या बीआयएसची. लॅबला मान्यता देणारं एनएबीएल वाणिज्य खात्याकडच्या क्वालिटी कौन्सिलचं. मशीन ताडून बघायची 'भारतीय निर्देशक द्रव्यं' दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची (एनपीएल), म्हणजे विज्ञान खात्याची. तीन खाती, तीन फायली, आणि मधे मी, हातात डेबिट नोट धरून.

बँकेचा हप्ता 5 तारखेला जातो, त्यात 0.008 टक्क्याचीही सूट नाही. पोरांचा बोनस मी पुढे ढकलला आहे. माझ्या अंदाजाने शिरोली, गोकुळ शिरगावातल्या निम्म्या रिजेक्शनच्या भांडणांचं मूळ लॅबच्या अशा आकड्यांत आहे. अंदाजच, कारण मोजलंय कुणी?

हे फक्त लोखंडाचं रडगाणं नाही. 1986 साली जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, 14 जण गेले, लेंटिन आयोग बसला. 2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरं गेली, सिरपात तेच विष. आयोग, अहवाल, निलंबन सगळं झालं. मधल्या 39 वर्षांत कच्च्या मालाचं पिंप उघडून नीट मोजायची सवय तेवढी आपल्याला लागली नाही. 'मेक इन इंडिया'चा सिंह मात्र भिंतीभिंतीवर.

मागणं थोडं आहे. पिगचा नमुना कुठून, किती आणि कसा घ्यायचा हे ठरवून ते सर्टिफिकेटवर छापायची सक्ती करा. एकच नमुना सगळ्या लॅबना पाठवून जी तपासणी होते, तिचे निकाल लॅबच्या नावानिशी जाहीर करा. आणि वाद झाला तर ज्याचा शब्द दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील अशी एक पंच लॅब कोल्हापुरात द्या. पुढच्या मेळाव्यात कुणी व्यासपीठावरून "लघुउद्योग हा देशाचा कणा" म्हणणार असेल, तर त्याआधी.

त्याच पिगचा एक तुकडा या पत्रासोबत रजिस्टर्ड पार्सलने पाठवतो आहे. तुमच्या पसंतीच्या कुठल्याही तीन लॅबकडून गंधक मोजून घ्या आणि तिन्ही आकडे छापा. फी मी भरतो, पावती तेवढी पाठवा.

आपला,
एक फाउंड्रीवाला, कोल्हापूर